तीन शिफ्टमधली पीएच.डी.

दौंड,
रविवार, १९ जानेवारी २००३

तीर्थरूप साहेबराव दाजी यांसी,

धाकटा मेव्हणा मच्छिंद्र याचा दोन्ही हात जोडून जयभीम. गुडघा कसा आहे? गार्डाच्या ब्रेकव्हॅनच्या धक्क्यांनी कमरेचा काटा ढिला झाला असेल तर आमच्या कंपनीच्या दवाखान्यात एक मलम मिळतं, ते पाठवतो. वासानं शेजारचा माणूस उठून जातो, पण कंबर जागेवर राहते. भुसावळला थंडी पडली का, की तिथं जानेवारीतसुद्धा उन्हाळ्याची तालीमच चालू असते? इकडे सगळं ठीक. ताईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे (ताई ताब्यात नाही, पण ते तुम्हाला नवीन नाही). करुणा एकदम मजेत आहे, वजन वाढलंय, तुमची आठवण वगैरे अजिबात काढत नाही, तेव्हा त्या बाबतीत आपण निर्धास्त असावं.

पत्र जरा लांबेल. रागानं लिहितोय असं समजू नका. रागानं लिहायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. हे पाठकोरे कागद मी कुरकुंभवरून कंपनीतून आणलेत (रद्दीतले आहेत, चोरीचे नाहीत, स्टोअरवाल्याला विचारलं होतं, तो 'हं' म्हणाला, त्याचा अर्थ मी हो असा घेतला). मागच्या बाजूला प्रेशर आणि टेंपरेचरचे आकडे दिसतील, ते वाचायचे नाहीत, ते कंपनीचं गुपित आहे.

तर दिवाळीत करुणा पुण्याहून आली ती ट्रंक, गादी आणि बादलीसकट आली. होस्टेलवरून बादली घरी आली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहेच, पण तुम्ही फोनच्या त्या टोकाला होता आणि या टोकाला हौसरावांच्या एसटीडी बूथबाहेर मी उभा होतो, म्हणून या टोकाचं सांगतो. आत पोरगी तुम्हाला म्हणाली की पाच वर्षं झाली, माझ्यानं आता होत नाही, मी पीएच.डी. सोडतेय. मग ती गप्प, तुम्ही गप्प, आणि हौसरावांचं मीटर तेवढं पळतंय. शेवटी तुम्ही फोन ठेवलात. ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, बाबा काही बोलले नाहीत. त्याला आता अडीच महिने होत आले आणि तुमचा एक फोन नाही. यावर मी काही बोलणार नाही. मोठ्यांना शिकवायची आपल्यात पद्धत नाही. (फक्त एवढंच बोलतो की राग आला तर माणसानं ओरडावं. गप्प उभं राहायला तुम्ही काय सिग्नल आहात? आणि सिग्नलसुद्धा कधीतरी हिरवा होतो.)

सोडायचं कारण विचाराल तर एक नव्हतं. गाइड सरांनी तिच्या प्रबंधाचं एकच प्रकरण तीनदा परत दिलं होतं, तांबड्या शाईनं रंगवून. बरोबरीच्या पोरी नोकरीला लागल्या, कुणाची लग्नं झाली. रात्री झोप नाही, दिवसा कोऱ्या कागदासमोर बसायचं आणि कागद तसाच कोरा ठेवून उठायचं. आणि वर आपली माणसं. आपल्या वस्तीत पीएच.डी. म्हणजे काय हे चार जणांना माहीत असेल, पण करुणाची अजून संपली नाही हे सगळ्यांना माहीत. नळावर गेली तरी तेच, दळणाला गेली तरी तेच. माझ्या डोळ्यांसमोर एका सत्तरीच्या म्हातारीनं तिला सांगितलं की माझं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तुझ्याआधी झालं.

आता तुम्ही म्हणाल, मच्छिंद्र, तुला कुठं कळतंय तिचं काम. नसेल कळत. पण इनामगावला घोडनदीच्या काठी ती खापरं मोजत बसायची तेव्हा डबा घेऊन मीच जात होतो. तीन हजार वर्षांमागची माणसं धान्य कुठं ठेवायची, कणगीत का जमिनीतल्या पेवात, आणि वाईट वर्षी कुणाला किती मिळायचं, असा तिचा विषय आहे. एकदा तिनं मला काळा पडलेला एक दाणा दाखवला आणि म्हणाली, मामा, हा जव आहे. मला काही नीट दिसलं नाही, पण मी टोपी काढली. आपल्या आज्यानं काय खाल्लं, काय नाही, हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. आणि आपली पोरगी तीन हजार वर्षांमागच्या माणसाच्या घरात शिरून विचारते, जेवलास का बाबा? दाजी, मला त्या पोरीचा एवढा अभिमान आहे की कंपनीत मी तो विषय काढला की कँटीन रिकामं होतं.

म्हणून ती सोडते म्हटल्यावर माझं डोकं फिरलं, पण तिच्यावर नाही ओरडलो. तेवढ्यात तिच्या होस्टेलच्या मैत्रिणीचा, रश्मीचा, फोन आला की विद्यापीठानं पीएच.डी.च्या पोरापोरींसाठी एक मदतीचा कक्ष उघडलाय, तिथं येऊन तर बघ. करुणा म्हणाली, सोडायचंच आहे तर जाऊ कशाला. मी म्हटलं, सोडायचं तर खुशाल सोड, पण सोडायच्या आधी जे फुकट मिळतंय ते घेऊन ये. या वाक्याला नाही म्हणणारा माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मायचाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलनं आम्ही दोघं पुण्याला.

मला वाटलं होतं मोठी इमारत असेल, दारात शिपाई असेल, चिठ्ठी आत पाठवावी लागेल. तर सायकल स्टँडच्या मागं एक खोली, वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात मनी प्लँट आणि टेबलच नाही. टेबल नाही म्हटल्यावर साहेब कोण हे ओळखायचं कसं? मी जिथं बसलो ती खुर्ची नेमकी मॅडमची निघाली. सुलक्षणा मॅडम त्यांचं नाव, बाई आपल्या ताईच्या वयाच्या, आवाज मऊ. त्या सरळ दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. मधल्या तिपाईवर कागदी रुमालांचा डबा होता. मला वाटलं आता नाश्ता येणार, म्हणून दोन काढून मांडीवर पसरून बसलो. नाश्ता काही आला नाही. ते रुमाल रडणाऱ्या पोरांसाठी असतात हे मला घरी आल्यावर करुणानं सांगितलं, आणि सांगताना ती रडत नव्हती, दात काढत होती.

मॅडमनी करुणाला विचारलं, तुला काय वाटतं? मी सांगितलं तिला काय वाटतं. मॅडमनी परत तिलाच विचारलं. मी आणखी खुलासा केला. असं बराच वेळ चाललं. मग मॅडम म्हणाल्या, मामा, बाहेर चहा चांगला मिळतो. मला कळायला थोडा वेळ लागला, पण मी गेलो. चहा काही चांगला नव्हता. मी तीन कप प्यालो तरी आत बोलणं चालूच होतं. एवढा वेळ करुणा आमच्यापैकी कुणाशी बोलली नव्हती, हे मला तिथं त्या चहाच्या गाडीवर उभं असताना लक्षात आलं आणि मला वाईट वाटलं.

नंतर मला आत बोलावलं. तिथली पद्धत अशी आहे की कुणाला जड झालं तर वेळ घेऊन यायचं आणि बोलायचं, नाव बाहेर जात नाही. झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे पाठवतात, त्यात लाजायचं काही नाही. दर बुधवारी दुपारी पोरं गोल बसून आपापलं लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतात. आणि गाइडशी बोलायची धास्ती असेल तर मॅडम स्वतः मध्ये बसतात. मी म्हटलं, हे सगळं तुमचं झालं, घरच्यांनी काय करायचं ते सांगा, आम्ही कामाची माणसं आहोत. तेव्हा मॅडमनी सांगितलं की तिला एकटं वाटू देऊ नका, कधी संपणार असं विचारू नका, आणि एका दिवसात डोंगर उचलायला लावू नका, रोज थोडं होऊ द्या. दुसरा कुणी असता तर मान डोलवून घरी आला असता आणि विसरला असता. पण मी अकरा वर्षं प्लँटवर काढलीत. माझ्यासाठी सूचना म्हणजे सूचना.

आमच्याकडं रिॲक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची मोठी लोखंडी टाकी, चालू असला की त्याला एकटं सोडत नाहीत. त्याच्यापाशी ऑपरेटर पाहिजेच. शिफ्ट संपली म्हणून उठून चालायला लागला असं नाही. बदली माणूस यायला पाहिजे, त्यानं चार्ज घ्यायला पाहिजे, तोपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही, मग घरी आग लागली तरी. या एका नियमावर कुरकुंभ उभं आहे. मी म्हटलं, मालकाचं लोखंड सांभाळायला एवढी काळजी, तर आपल्या पोरीला का नाही? मी शटलमध्ये बसल्या बसल्या शिफ्ट लावून टाकल्या. फर्स्ट शिफ्टला शेजारच्या बानूबाई. सेकंड शिफ्टला हौसराव (त्यांच्या बूथवर पुतण्या बसेल, असं ते म्हणाले, पुतण्याला विचारलेलं नव्हतं). कंपनीतून आल्यावर मी. आणि ताई जनरल शिफ्ट, म्हणजे चहापाणी, जेवण आणि वेळप्रसंगी ओरडा. करुणाला यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

पहिल्या दिवशी चार्ज देणं-घेणं अगदी नियमानं झालं. बानूबाईंनी उभं राहून हौसरावांना सांगितलं की सकाळपासून अर्धं पान झालंय, दोनदा उसासा टाकला, पाणी प्यायली, बाकी नॉर्मल. करुणा समोरच बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली, मामा, मी रिॲक्टर न्हाईये. मी म्हटलं, रिॲक्टरला तरी कुठं माहीत असतं.

आता यात अडचणी आल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. बानूबाईंना मी बजावलं होतं की बोलायचं नाही, नुसतं सोबतीला बसायचं. तुम्हाला बानूबाई माहीत आहेत. ती बाई झोपेत बोलते, तिला जागेपणी गप्प बसवणं म्हणजे नदीला थांब म्हणण्यासारखं. दोन दिवस तिनं पदर तोंडात धरून काढले. तिसऱ्या दिवशी करुणानं थकून नुसते डोळे चोळले, तर बानूबाईंना वाटलं पोरगी रडायला लागली, आणि सोबत म्हणून त्यांनी आधी सुरुवात केली. मग सून काय बोलते, मुलगा कसा फितला, सगळं बाहेर आलं. करुणा लिहायचं सोडून दिवसभर त्यांना समजावत बसली, आणि मॅडमनी तिला विचारलेलं तेच तिनं बानूबाईंना विचारलं म्हणे, तुम्हाला काय वाटतं? संध्याकाळी बानूबाई सुनेशी गोड बोलल्या. त्या घरात सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे कक्षाचा फायदा झाला, फक्त माणूस चुकला.

कधी संपणार हे विचारायचं नाही, हा निरोप मी स्वतः घरोघर जाऊन दिला. इथं माझा हिशेब जरा हुकला. ज्यांच्या डोक्यातसुद्धा तो प्रश्न नव्हता त्यांच्याही डोक्यात तो गेला. आधी दहा जण विचारायचे, आता अख्खी वस्ती विचारत नव्हती. करुणा नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या, ओठ मिटून तिच्याकडे बघायच्या, एक-दोघी तर डोक्यावरून हात फिरवायच्या. पोस्टमन मला बाजूला घेऊन म्हणाला, डॉक्टरनी काय आशा सोडली काय? न विचारलेलं विचारल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. करुणा कागद घेऊन मोरीत जाऊन बसायला लागली, कारण तिथं शिफ्ट लावता येत नव्हती.

आणि मग तो गुरुवार आला. त्या दिवशी कुरकुंभला माझाच बदली माणूस आला नाही (त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं, त्यानं कळवलं होतं म्हणतो, मला कुणी कळवलं नाही), तेव्हा मी डबल ड्यूटीला अडकलो. इकडं हौसराव करुणापाशी बसलेले. शिफ्ट संपली, मी आलेलो नाही. पुतण्या क्रिकेट खेळायला गेलेला, बूथला कुलूप. बाजारचा दिवस असल्यानं फोन करायला आलेली माणसं हळूहळू बूथवरून आपल्या दारात येऊन उभी राहिली. एका कांदेवाल्याला टेम्पो बोलवायचा होता, तो खिडकीतून हाका मारत होता. करुणा म्हणाली, काका, जावा तुम्ही, लोक खोळंबलेत. हौसराव म्हणाले, चार्ज घ्यायला माणूस न्हाई. ती म्हणाली, मी घेते चार्ज. ते म्हणाले, स्वतःचा चार्ज स्वतः घेता येत न्हाई, मच्छिंद्रनं तसं सांगितलेलं न्हाई. ही निष्ठा बघा, दाजी. आमच्या प्लँटला अशी चार माणसं मिळाली तर बोनस वाढेल.

पोरीचा तोल सुटला. तिनं चपला घातल्या आणि चालू लागली. आता रिॲक्टरच जागचा हलला तर ऑपरेटरनं काय करायचं, हे मी हौसरावांना सांगितलं नव्हतं. ते गेले मागोमाग. ती बाजारातून, ते बाजारातून. ती स्टेशनच्या पुलावरून, ते पुलावरून. पुण्याची शटल उभी होती, ती चढली. गाडी हलली तसे हौसरावही शेवटच्या क्षणी लटकून चढले. तिच्याकडे पास होता. हौसरावांकडे तिकीट नव्हतं, आणि घाईत पायात आली होती ती एक चप्पल त्यांची, एक ताईची.

गाडीत तुमचे जुने सोबती खंडू टी.सी. ड्यूटीवर होते. त्यांनी तिकीट विचारलं. हौसराव छाती काढून म्हणाले, मी ड्यूटीवर हाय. खंडूंनी विचारलं, कुठल्या खात्यात? हौसराव म्हणाले, पीएच.डी. खात्यात. खंडूंची तीस वर्षं नोकरी झाली, त्यांनी बिनतिकिटाची सगळी कारणं ऐकलीत, पण हे नवीन होतं. डबा हसायला लागला. करुणाला कळेना हसावं का उडी मारावी. मग खंडूंनी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, तू साहेबराव गार्डांची करुणा न्हवं का? आणि तिच्याशेजारी बसून त्यांनी जे सांगितलं ते हौसरावांनी मला शब्द न शब्द सांगितलंय, तसंच लिहितो.

"तुझा बाप भुसावळवरून सुटणाऱ्या दर गार्डाला तुझं विचारतो. त्यो मनमाडच्याला विचारतो, मनमाडचा दौंडच्या माणसाला. पोरगी जेवती का, झोपती का. आन् सगळ्यांना बजावून ठेवलंय, पोरगी दमली हाय, तिला कुणी काय म्हनू नका."

हौसराव म्हणतात, हे ऐकून करुणा खिडकीकडं तोंड करून बसली. मग तिला हसू आलं, हौसरावांच्या पायाकडं बघून आलं असेल, आणि हसता हसता रडायला लागली. खंडूंनी आपला रुमाल दिला. पाटसला दोघं उतरली आणि वडापच्या जीपनं परत आली. मी घरी पोचलो तेव्हा ती हौसरावांना भाकरी वाढत होती आणि ताई आपली चप्पल शोधत होती.

दाजी, आता लहानमोठं जरा बाजूला ठेवतो. तुम्ही रेल्वेच्या निम्म्या स्टाफला लेकीचं विचारलंत, एका तिला सोडून. मला कळतं. त्या दिवशी फोनवर काय बोलावं हे तुम्हाला सुचलं नसेल. तुमची बोलायची सवय शिट्टीची आणि झेंडीची. पण तिला ते कसं कळावं? ती इतके दिवस समजत होती की बापाला माझी लाज वाटली. मला तुमचा राग आला आणि तुमच्यावर मायाही आली, दोन्ही एकदम, आणि त्या रात्री मी जेवलो नाही (ताईनं आग्रह केला म्हणून थोडं खाल्लं).

दुसऱ्या दिवशी करुणानं आम्हा सगळ्यांना अंगणात बसवलं आणि म्हणाली, मला एकटं वाटत होतं हे खरं, पण आता मला गर्दी वाटते. शिफ्ट बंद. ज्याला बसायचं त्यानं बसावं, आपापलं काम घेऊन बसावं, माझ्याकडं बघू नये. आणि संध्याकाळी मी जे लिहिलंय ते एक पान वाचून दाखवीन, बुधवारच्या पोरांसारखं. तेव्हापासून तसं चाललंय. बानूबाई तांदूळ निवडतात आणि वाचन सुरू झालं की दुसऱ्या ओळीला घोरायला लागतात. हौसराव मुद्दा संपायच्या आत व्वा म्हणतात. मी शंका विचारतो. पेवाला झाकण होतं का, हे मी आतापर्यंत बरेचदा विचारलंय आणि तिनं दर वेळी उत्तर दिलंय, आता जरा तुटक देते. पण ती लिहिते. थोडं लिहिते, खोडते, परत लिहिते.

बुधवारी ती शटलनं कक्षात जाते. मॅडमनी गाइड सरांनाही एक दिवस तिथं वेताच्या खुर्चीत आणून बसवलं. तेव्हा सर म्हणाले की प्रकरण चांगलं आहे, म्हणून तर मी परत परत देत होतो, वाईट असतं तर सही करून मोकळा झालो असतो. घ्या आता! पोरगी इकडं झिजून अर्धी झाली आणि हे चांगलं म्हणत होते, मनातल्या मनात. चांगलं आहे एवढं तोंडानं म्हणायला या शिकलेल्या लोकांना काय परमिट लागतं का? (तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही शिकलेले नाही.) मॅडमनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय की आता आधी काय जमलंय ते लिहायचं, मग तांबडी शाई. मुदतवाढीचा अर्जही करून दिला. ट्रंक अजून इथंच आहे, पण बादली मागच्या आठवड्यात होस्टेलवर परत गेली.

तर असं सगळं आहे. आता हात दुखायला लागला आणि सेकंड शिफ्टची बस यायची वेळ झाली. तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावा. लोभ आहे तो वाढवा, वाढत नसेल तर आहे तेवढा गळू देऊ नका.

आपला धाकटा मेव्हणा,
मच्छिंद्र

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. बुधवार, १२ फेब्रुवारीला करुणाचा सेमिनार आहे. प्रबंध देण्याआधी विभागातल्या सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं असतं आणि ते लोक प्रश्न विचारतात. घरच्यांना मागं बसता येतं, मी मॅडमना दोनदा विचारून घेतलंय (त्या म्हणाल्या, हो मामा, पण मागंच बसा). ट्रॅक्स गाडी भाड्यानं सांगितली आहे. ताई, बानूबाई, हौसराव असे सगळे आहोत, पुढची सीट तुमची. रजेचा अर्ज आजच टाका. करुणा स्वतः तुम्हाला बोलावणार नाही, तुमच्यावरच गेलीय.

ता.क. २. वर मी लिहिलं की ती तुमची आठवण काढत नाही, ते खोटं आहे. हौसरावांच्या बूथवर फोन वाजला की इकडं तिचं पेन थांबतं. वजन वाढलंय हेही खोटं. ताईचं ब्लडप्रेशर मात्र खरंच ताब्यात आहे. हे मी तुम्हाला सांगितल्याचं तिला कळू देऊ नका.

ता.क. ३. बाबा, हे मी लिहितेय, करुणा. मामांनी पत्ता घालायला म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं, उघडंच. भुसावळचा पत्ता त्यांना तोंडपाठ आहे, आणि डिंकाची बाटली त्यांच्याच खिशात होती, म्हणजे मी वाचावं अशीच त्यांची इच्छा असणार. बरंचसं खरं आहे. फक्त शिफ्ट बंद झालेल्या नाहीत. मी खाली मान घालून लिहीत असले की मामा अजून खिडकीतून हौसकाकांना किती पानं झाली ते बोटांनी दाखवतात.

तुम्ही फोन ठेवलात तेव्हा मला खूप लागलं होतं. आता नाही लागत. पण खंडूकाकांकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलं असतं तर मी लवकर सावरले असते, हेही खरं.

१२ तारखेला या. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतील असं नाही, एखाद्या ठिकाणी मी नक्की अडकणार. अडकले की मी मान वर करून तुमच्याकडे बघणार आहे. तेव्हा तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं माझ्याकडे बघत गप्प बसायचं. ते तुम्हाला जमतं.